अमेरिकन मेडिकल बिलिंग आणि एआर कॉलिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या डॉक्टरांची आणि हॉस्पिटलांची अडकलेली बिलं सोडवण्याचं काम पुणे, मुंबई, नवी मुंबईतल्या ऑफिसांतून रात्रभर चालतं. या कामात नव्याने आलेल्या आणि येऊ पाहणाऱ्या मुलामुलींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वर्षभर काम झालेल्यांनी थेट प्रश्न ९ पासून वाचलं तरी चालेल.

१. एआर कॉलर म्हणजे कॉल सेंटरचीच नोकरी ना?

फोन दोन्हीकडे आहे, काम मात्र वेगळं. इथे फोन तुम्ही करता, आणि तो बहुतेक वेळा पेशंटला नसून विमा कंपनीला असतो. एआर म्हणजे अकाउंट्स रिसिव्हेबल : उपचार झाले, बिल गेलं, पण पैसे अजून यायचे आहेत अशी येणी रक्कम. एखादा क्लेम, म्हणजे विमा कंपनीकडे पाठवलेलं बिल, बंद करून पुढच्यावर जाताना तीन गोष्टी पक्क्या झालेल्या हव्यात. पैसे कशामुळे अडले, आता चेंडू कुणाच्या कोर्टात आहे, आणि पुढचं काम कोण कोणत्या तारखेला करणार. हे ठरलं नसेल तर चाळीस मिनिटं होल्डवर थांबून केलेला कॉलही वाया गेला असं समजा.

२. क्लेम तयार होण्यापासून पैसे येईपर्यंत नेमकं काय काय होतं?

डॉक्टरांच्या रिसेप्शनवर नाव, जन्मतारीख आणि विम्याचं कार्ड घेतलं जातं, विमा चालू आहे का ते तपासतात, लागत असेल तिथे प्रायर ऑथरायझेशन (ऑथ), म्हणजे विमा कंपनीची आगाऊ मंजुरी, घेतात. डॉक्टरांच्या नोंदीवरून कोडर आजाराला आयसीडी-१०-सीएम कोड आणि केलेल्या सेवेला सीपीटी किंवा एचसीपीसीएस कोड लावतो. चार्ज एंट्री झाली की क्लेम तयार होतो. डॉक्टरांचा सीएमएस-१५०० फॉर्मवर, हॉस्पिटलचा यूबी-०४ वर; इलेक्ट्रॉनिक रूपात दोन्ही ८३७ नावाच्या फाइलमध्ये. तो क्लिअरिंगहाउस या मध्यस्थ यंत्रणेतून गाळून विमा कंपनीकडे जातो. तिचा निर्णय, कशाचे किती दिले या हिशेबासह, ८३५ या फाइलमध्ये (ईआरए) किंवा कागदावर (ईओबी) परत येतो आणि पेमेंट पोस्टिंगची टीम तो खात्यावर चढवते. जे आलं नाही, कमी आलं किंवा नाकारलं गेलं, ते एआरकडे येतं.

म्हणजे आपण साखळीच्या शेवटी आहोत आणि दुखणं बऱ्याचदा सुरुवातीला असतं : चुकलेला मेंबर आयडी, संपलेला विमा, न घेतलेलं ऑथरायझेशन. मधली कडीही तुटू शकते. २१ फेब्रुवारी २०२४ ला चेंज हेल्थकेअर या मोठ्या क्लिअरिंगहाउसवर सायबर हल्ला झाला, तेव्हा क्लेम जाणं आणि ईआरए येणं दोन्ही कित्येक आठवडे खोळंबलं होतं.

३. कोणतं शिक्षण लागतं? आधी कोर्स करावा का?

कुठल्याही शाखेची पदवी पुरते, काही ठिकाणी बारावीवरही घेतात. कॉमर्सच्या मुलांना हिशेबाची सवय असते, लाइफ सायन्स किंवा फार्मसीवाल्यांना वैद्यकीय शब्द ओळखीचे असतात. सहा महिन्यांत हा फरक पुसला जातो. एआरसाठी आधी कोर्स करायची गरज नाही, कारण बहुतेक कंपन्या स्वतःच शिकवतात. नोकरीची हमी देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

इंग्रजीचं म्हणाल तर अमेरिकन ढब काढावी लागत नाही. समोरच्याचं वेगात बोललेलं कळलं पाहिजे आणि आपलं म्हणणं त्याला पहिल्या खेपेला कळलं पाहिजे. अक्षरं सांगताना ‘बी फॉर ब्राव्हो, डी फॉर डेल्टा’ ही पद्धत पाठ करा. बी, डी, पी, टी, व्ही फोनवर सारखेच ऐकू येतात आणि एका अक्षराने मेंबर सापडत नाही.

४. शिफ्ट कायम रात्रीचीच असते का? मुलींच्या सुरक्षिततेचं काय?

कॉलिंग करायचं तर विमा कंपनीची ऑफिसं उघडी असताना करावं लागतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा आपण हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो. तिथले सकाळचे आठ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेपाच. क्लायंट कॅलिफोर्नियाचा असेल तर त्यात आणखी तीन तास मिळवा. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात कॅबच्या वेळा आधीच विचारून घ्या. सुट्ट्याही सहसा तिथल्या कॅलेंडरप्रमाणे असतात. दिवाळीत रजा हवी असेल तर लवकर टाका. पेमेंट पोस्टिंग, चार्ज एंट्री आणि कोडिंगला फोन नसतो, म्हणून तिथे दिवसाची शिफ्ट मिळू शकते.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीनेच काम देता येतं, आणि तिची सुरक्षितता व घरापर्यंतची वाहतूक ही मालकाची जबाबदारी असते. कॅब मिळेल का, असं संकोचत विचारू नका. तो तुमचा हक्क आहे.

५. बिल २५० डॉलरचं, आले ८८. बाकीचे कुठे गेले?

समजा करारानुसार त्या सेवेचा मंजूर दर, म्हणजे अलाउड अमाउंट, १६० डॉलर आहे. २५० आणि १६० मधले ९० डॉलर सीओ-४५ या कोडखाली (अक्षरांचा अर्थ प्रश्न ६ मध्ये) कमी होतात आणि ते डॉक्टरांनी सोडून द्यायचे असतात. पेशंटचं वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे विम्याने पैसे देण्याआधी त्याने स्वतः भरायची रक्कम, ५० डॉलर शिल्लक होतं, ते पीआर-१. उरलेल्या ११० वर २० टक्के कोइन्शुरन्स, म्हणजे पेशंटचा टक्केवारीतला वाटा, २२ डॉलर, ते पीआर-२. विमा कंपनीने दिले ८८. आता बेरीज करा : ९०, ५०, २२ आणि ८८ मिळून २५०. प्रत्येक ओळीची बेरीज अशी जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर पोस्टिंग चुकलंय किंवा एखादी वजावट नजरेतून सुटली आहे.

मेडिकेअरमध्ये, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठीच्या अमेरिकी सरकारी विम्यात, आणखी एक वजावट दिसते, सीओ-२५३. ती सिक्वेस्ट्रेशनची, म्हणजे सरकारी खर्चकपातीची, २ टक्के कपात असते, मेडिकेअरने द्यायच्या रकमेतून होते आणि पेशंटकडून वसूल करता येत नाही. जानेवारीत पीआर-१ एकदम वाढलं तर घाबरू नका. बहुतेकांची डिडक्टिबल नव्या वर्षात पहिल्यापासून मोजली जातात. मेडिकेअर पार्ट बीचं, म्हणजे डॉक्टरी सेवांच्या भागाचं, २०२५ चं डिडक्टिबल २५७ डॉलर होतं.

६. सीओ, पीआर, ओए, पीआय यांत फरक काय? आकडा तर सारखाच असतो.

आकडा कारण सांगतो, त्याआधीची दोन अक्षरं पैशाची जबाबदारी कुणाची ते सांगतात. सीओ म्हणजे कराराचा भाग, पेशंटला बिल पाठवता येत नाही. पीआर म्हणजे पेशंटची जबाबदारी. ओए म्हणजे इतर समायोजन, बहुतेकदा दुसऱ्या विम्याच्या संदर्भात. पीआय म्हणजे विमा कंपनीने स्वतःहून केलेली कपात.

म्हणून पीआर-९६ आणि सीओ-९६ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवा दोन्हीत विम्याबाहेरची, पण पहिल्यात पेशंटला बिल जातं, दुसऱ्यात नाही. मेडिकेअर पेशंटकडून सेवेआधी एबीएन फॉर्मवर (मेडिकेअरने नाकारलं तर मी पैसे देईन) सही घेतली असेल आणि क्लेमवर जीए मॉडिफायर (कोडला जोडायची दोन अक्षरी खूण) असेल, तर ‘वैद्यकीय गरज नाही’ हे डिनायल, म्हणजे नकार, पीआर-५० म्हणून येतं. फॉर्म नसेल तर सीओ-५०, म्हणजे तोटा डॉक्टरांचा.

७. कॉल लावण्याआधी काय बघायचं आणि कॉलवर काय विचारायचं?

आधी जुन्या नोट्स, मग ईओबी, मग क्लिअरिंगहाउसचा रिपोर्ट, मग विमा कंपनीचं पोर्टल. पोर्टलवर दिसणारी गोष्ट विचारायला फोन करू नका. समोर ठेवायचं ते : डॉक्टरांचा दहा अंकी ओळख क्रमांक एनपीआय, नऊ अंकी टॅक्स आयडी, पेशंटचं नाव, जन्मतारीख, मेंबर आयडी, सेवेची तारीख, बिलाची रक्कम आणि आपला कॉलबॅक नंबर. तारखा अमेरिकन पद्धतीने वाचा : ०३/०४ म्हणजे ४ मार्च, ३ एप्रिल नव्हे. हा गोंधळ इथल्या नवख्यांकडून हमखास होतो.

पुढचे प्रश्न स्टेटसवर ठरतात.

- पेड असेल तर : अलाउड किती, दिले किती, पेशंटवर किती, चेक की ईएफटी (थेट बँकेत), नंबर, तारीख, एकट्याचं पेमेंट की बल्क (अनेक क्लेमचं एकत्र), कोणत्या पत्त्यावर, वटला का आणि कधी.
- प्रोसेसमध्ये असेल तर : कधी मिळाला, कशासाठी थांबलाय, आपल्याकडून काही हवंय का, निर्णय कधीपर्यंत.
- डिनाय असेल तर : तारीख, नेमकं कारण, कोणत्या ओळीवर, करेक्टेड क्लेमची मुदत, अपीलची मुदत, पत्ता किंवा फॅक्स.

शेवटी रेपचं, म्हणजे फोनवरच्या विमा कर्मचाऱ्याचं, नाव आणि कॉल रेफरन्स नंबर. तो नंबर नसेल तर उद्या त्या कॉलला पुरावा राहत नाही.

कॉलचा खरा कस लागतो तो पहिल्या उत्तरानंतर. रेप म्हणतो, “क्लेम माहिती कमी असल्यामुळे पेंड आहे.” इथे ‘ओके, थँक यू’ म्हणून फोन ठेवला की काम संपलं नाही. विचारा, कोणती माहिती? कुणाकडून, प्रोव्हायडरकडून की मेंबरकडून? पत्र गेलंय का, कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर? मेंबरने दुसऱ्या विम्याची प्रश्नावली भरायची राहिली असेल, तर आपण पन्नास वेळा क्लेम पाठवून काहीही होणार नाही (प्रश्न १५). मेडिकल रेकॉर्ड हवे असतील तर फॅक्स नंबर आणि क्लेम नंबर कुठे लिहायचा तेही विचारून घ्या. क्लेम नंबर नसलेले रेकॉर्ड कोणत्याच फाइलला लागत नाहीत.

अनेक कंपन्या एका कॉलवर मोजक्याच क्लेमची माहिती देतात. तेव्हा एकाच विमा कंपनीचे क्लेम एकत्र काढून बसा.

८. नोट किती मोठी लिहायची?

जितक्यात दुसऱ्या माणसाला पुन्हा फोन करावा लागणार नाही, तितकी. ‘कॉल केला, डिनाइड, फॉलोअप घेणार’ ही नोट निरुपयोगी आहे. प्रत्यक्षात इंग्रजीत लिहायच्या नोटचा आशय असा हवा :

‘डीओएस (सेवेची तारीख) ०३/१२, बिल ११५० डॉलर. क्लेम ०३/१८ ला मिळाला, ०४/०२ ला सीओ-१९७ (ऑथ नाही) ने डिनाय. सीपीटी ७३७२१, गुडघ्याचा एमआरआय; ऑथ लागतं, फाइलवर नाही. रेट्रो ऑथ (सेवेनंतरची मंजुरी) देत नाहीत. अपील डिनायलपासून १८० दिवस, शेवटची तारीख ०९/२९. आपल्या सिस्टीममध्येही ऑथ नंबर सापडला नाही. ऑर्डर करणाऱ्या डॉक्टरांच्या ऑफिसला ऑथ विचारण्यासाठी क्लायंटकडे पाठवलं. पुढची तपासणी ७ दिवसांनी.’ खाली रेपचं नाव आणि रेफरन्स नंबर.

यात मुदतीची तारीख मोजून लिहिली आहे ते बघा. ‘१८० दिवस’ एवढंच लिहिलं तर पुढचा माणूस ते कुठून मोजायचे हे विसरतो आणि मुदत निघून जाते.

९. रेप म्हणतो ‘क्लेम नॉट ऑन फाइल’. परत पाठवून टाकू का?

आधी थांबा. क्लिअरिंगहाउसचा रिपोर्ट उघडा. क्लेम रिजेक्ट झाला असेल तर तो विमा कंपनीच्या सिस्टीममध्ये गेलेलाच नाही. रिजेक्शन आणि डिनायल यांची गल्लत करू नका : रिजेक्शनवर अपील नसतं, चूक सुधारून पाठवायचा असतो, आणि मधल्या काळात टाइमली फाइलिंगचं, म्हणजे क्लेम पाठवण्याच्या मुदतीचं, घड्याळ चालूच राहतं.

रिपोर्टमध्ये विमा कंपनीने स्वीकारल्याची २७७सीए नोंद असेल तर रेपला तो नंबर द्या आणि पुन्हा शोधायला लावा : टॅक्स आयडीवरून, सेवेच्या तारखेवरून, जुन्या मेंबर आयडीवरून. लग्नानंतर आडनाव बदललं असेल किंवा कार्डावर मधलं नाव असेल तर क्लेम दुसऱ्याच रेकॉर्डखाली जाऊन बसतो. सापडलाच नाही तर त्या तारखेला विमा चालू होता का, इलेक्ट्रॉनिक पेयर आयडी (विमा कंपनीचा क्रमांक) कोणता आणि फाइलिंगची मुदत किती, हे तीन प्रश्न विचारून मगच पाठवा. पेयर आयडी न तपासता पाठवलेला क्लेम त्याच खड्ड्यात पडतो.

१०. सीओ-१६ आलं की काय चुकलं ते कळतच नाही.

सीओ-१६ एकटा काहीच सांगत नाही, त्याच्यासोबतचा रिमार्क कोड वाचा. एन२९० असेल तर रेंडरिंग प्रोव्हायडरचा, म्हणजे सेवा देणाऱ्या डॉक्टरांचा, एनपीआय नाही किंवा चुकलाय. सीएमएस-१५०० वर तो २४जे बॉक्समध्ये असतो. एम५१ असेल तर प्रोसिजर कोडमध्ये गडबड आहे. एमए०४ असेल तर पहिल्या विम्याचा हिशेब जोडलेला नाही. आणि एमए१३० दिसला तर लक्षात ठेवा, त्या क्लेमवर अपीलचा हक्कच नाही. दुरुस्त करून नवा क्लेम पाठवायचा. एमए१३० वर अपील लिहीत बसलेली टीम एकीकडे वेळ घालवते आणि दुसरीकडे फाइलिंगची मुदत.

११. सीओ-१८, डुप्लिकेट. दुसरा क्लेम तर आपण पाठवलाच नव्हता!

मूळ क्लेमचा नंबर मागा आणि त्याचं काय झालं ते पाहा. मूळ पेड असेल तर पैसे पोस्ट झालेत का ते शोधा (प्रश्न १७). मूळ डिनाय असेल तर काम त्या डिनायलवर करायचं, डुप्लिकेटवर नाही. दोन्ही सेवा खऱ्याच असतील, म्हणजे एकाच दिवशी छातीचा एक्स-रे सकाळी आणि संध्याकाळी काढलेला असेल, तर दुसऱ्याला मॉडिफायर ७६ लागतो. दुसऱ्या डॉक्टरांनी केला असेल तर ७७.

१२. टाइमली फाइलिंगचं डिनायल म्हणजे पैसे बुडालेच का?

पुरावा असेल तर नाही. मूळ (सरकारच चालवतं त्या) मेडिकेअरची मुदत सेवेच्या तारखेपासून एक वर्ष असते. खासगी कंपन्यांची करारावर ठरते, ९० किंवा १८० दिवस नेहमी दिसतात. पुरावा म्हणून विमा कंपनीने क्लेम स्वीकारल्याची तारीख दाखवणारा रिपोर्ट लागतो. आपल्या सॉफ्टवेअरमधला ‘बिल पाठवलं’ असा स्क्रीनशॉट किंवा फक्त क्लिअरिंगहाउसला पोचल्याची पावती सहसा चालत नाही.

मेडिकेअरमध्ये एक मेख आहे. टाइमली फाइलिंगच्या नकारावर नेहमीचं अपील करता येत नाही. मुदतीत सूट मागावी लागते. ती ठरावीक कारणांवर मिळते. सरकारी यंत्रणेची चूक असेल, किंवा पेशंटला मेडिकेअर मागच्या तारखेपासून लागू झालं असेल, तर मिळू शकते. पेशंटने चुकीचं कार्ड दाखवल्यामुळे उशीर झाला असेल तर पहिल्या कंपनीचा नकार जोडून खासगी कंपनीला पुनर्विचाराची विनंती करा. बऱ्याच करारांत त्याला जागा असते. काहीच हाती नसेल तर सीओ-२९ ची (मुदत टळल्याची) रक्कम पेशंटच्या माथी मारता येत नाही.

१३. ऑथरायझेशन घेतलेलं असूनही सीओ-१९७ का येतं?

नंबर मिळालेला असतो पण क्लेमवर २३ व्या बॉक्समध्ये टाकलेला नसतो, हे पहिलं कारण. ते नसेल तर ऑथ आणि क्लेम शेजारी ठेवून जुळवा : सीपीटी, तारखांची मर्यादा, युनिट, हॉस्पिटल, डॉक्टर. शस्त्रक्रियेत हे फार घडतं. मंजुरी एका कोडची असते, आत गेल्यावर सर्जनला वेगळं करावं लागतं आणि बिल दुसऱ्या कोडचं जातं. अशा वेळी ऑपरेटिव्ह नोट जोडून ऑथ बदलून मागायचं. काही कंपन्या त्यासाठी मोजकेच दिवस देतात, म्हणून हे डिनायल ढिगाच्या तळाशी ठेवू नका. इमर्जन्सी सेवेला प्रायर ऑथ मागता येत नाही. क्लेमवर प्लेस ऑफ सर्व्हिस २३ असेल आणि तरी १९७ आलं असेल तर ईआर रेकॉर्डसह अपील करा.

१४. सीओ-९७ ला (सेवा दुसऱ्या कोडच्या पैशात धरली) मॉडिफायर लावून परत पाठवलं की पैसे येतात, मग आपणच का लावू नये?

कारण मॉडिफायर म्हणजे डॉक्टरांच्या नोंदीबद्दलचं विधान आहे, आणि ती नोंद तुम्ही वाचलेली नसते. २५ लावणं म्हणजे प्रोसिजरच्या दिवशी वेगळी, लक्षणीय तपासणीही झाली असं म्हणणं. ५९ लावणं म्हणजे दोन प्रोसिजर खरोखर वेगळ्या होत्या असं म्हणणं. तसं झालं नसेल तर ते खोटं बिल ठरतं आणि अमेरिकेत त्यासाठी फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टखाली डॉक्टरांवर जबर दंड बसतो. टार्गेटसाठी असं करायला कुणी सांगितलं तर स्पष्ट नकार द्या आणि ते लेखी मागा.

बरोबर रस्ता असा : ती सेवा कोणत्या कोडमध्ये मिसळली आहे ते शोधा, सर्जरीनंतरच्या १० किंवा ९० दिवसांच्या ग्लोबल पिरियडमध्ये (ज्यात नंतरची तपासणी सर्जरीच्याच पैशात धरतात) बसते का पाहा, आणि तुमचं निरीक्षण लिहून कोडरकडे पाठवा. ग्लोबल पिरियडमध्ये असंबंधित तपासणी असेल तर २४, असंबंधित प्रोसिजर असेल तर ७९ लागू शकतो, पण निर्णय कोडरचा. हॉस्पिसमधल्या (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या) मेडिकेअर पेशंटचंही असंच : बी९ (पेशंट हॉस्पिसमध्ये आहे) आलं आणि उपचार मूळ आजाराशी संबंधित नसतील तर जीडब्ल्यू मॉडिफायर लागतो, नोंद तपासूनच.

१५. पेशंटचे दोन विमे आहेत. पहिला कोणता हे कोण ठरवतं?

नियम ठरवतो, पेशंटची पसंती नाही. सीओ-२२ (पैसे दुसऱ्या विम्याने द्यायचे असू शकतात) आलं की हे तपासा.

६५ वर्षांवरील माणूस किंवा त्याचा जोडीदार अजून नोकरी करत असेल आणि कंपनीत २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीचा विमा पहिला, मेडिकेअर दुसरं. निवृत्त झाल्यावर उलट. ६५ खालच्या, अपंगत्वामुळे मेडिकेअर मिळालेल्यांसाठी हा आकडा १०० कर्मचारी. किडनी निकामी झाल्यामुळे मेडिकेअर मिळालं असेल तर पहिले ३० महिने कंपनीचा विमा पहिला, कर्मचारी कितीही असोत. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा, नेहमी शेवटी. कामावर इजा झाली असेल तर वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाईचा विमा, पहिला.

मुलं आईवडील दोघांच्या विम्यात असतील तर बर्थडे रूल : ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा विमा पहिला. वय मोजायचं नाही. वडील १२ नोव्हेंबर १९८४, आई ३ मार्च १९८८, तर आईचा विमा पहिला. घटस्फोट झाला असेल तर आधी कोर्टाचा आदेश पाहतात.

माहिती अपडेट करायला मेंबरनेच विमा कंपनीला फोन करावा लागतो. त्यामुळे अशा क्लेमवर पेशंटला पत्र किंवा कॉल हेच पुढचं पाऊल. एक अपवाद ध्यानात असू द्या : पेशंट क्यूएमबी या गरीब मेडिकेअर पेशंटांसाठीच्या योजनेत असेल तर मेडिकेअरचं डिडक्टिबल किंवा कोइन्शुरन्स त्याच्याकडून मागायला कायद्याने बंदी आहे, मेडिकेडने शून्य दिलं तरीही. ही माणसं अत्यंत गरीब असतात. त्यांच्या घरी चुकीचं बिल जाणार नाही एवढी काळजी आपण इथून घेऊ शकतो.

१६. करेक्टेड क्लेम पाठवायचा की अपील करायचं?

चूक आपली असेल तर करेक्टेड क्लेम, चूक त्यांची असेल तर अपील. चुकीचा डायग्नोसिस पॉइंटर, राहिलेला एनपीआय, चुकलेलं युनिट यावर अपील लिहिणं म्हणजे हातातले दिवस घालवणं. करेक्टेड क्लेममध्ये २२ व्या बॉक्सला फ्रीक्वेन्सी कोड ७ आणि मूळ क्लेम नंबर टाकायचा. तो विसरलात की सीओ-१८ येतं. मेडिकेअर पार्ट बीच्या डॉक्टरी क्लेमला कोड ७ चालत नाही. तिथे किरकोळ चुकीसाठी रीओपनिंग (क्लेम पुन्हा उघडणं) मागायचं किंवा एमए१३० असेल तर नवा क्लेम.

मूळ मेडिकेअरच्या अपीलच्या पायऱ्या : रीडिटर्मिनेशनला १२० दिवस, त्यानंतर रीकन्सिडरेशनला १८० दिवस, पुढच्या प्रत्येक पायरीला ६० दिवस. खासगी कंपन्यांत विमा ‘सेल्फ फंडेड’ (क्लेमचे पैसे पेशंटची नोकरीची कंपनी स्वतः देते) आहे का ते जरूर विचारा. तो सहसा एरिसा या केंद्रीय कायद्याखाली येतो, राज्याचे वेळेत पैसे देण्याचे नियम त्याला लागू होत नाहीत, आणि राज्याच्या कायद्याचा हवाला देणारं अपील तिथे फुकट जातं.

१७. विमा कंपनी म्हणते पैसे दिले, क्लायंट म्हणतो आले नाहीत. कुणाचं खरं?

बहुतेक वेळा दोघांचंही. चेक असेल तर नंबर, तारीख, पत्ता आणि वटल्याची तारीख घ्या. वटला असेल तर दोन्ही बाजूंची प्रत मागा. मागच्या शिक्क्यावरून कोणत्या खात्यात गेला ते कळतं. वटला नसेल आणि पत्ता जुना असेल तर आधी पत्ता बदलून घ्या, मगच नवा चेक मागा, नाहीतर नवा चेकही जुन्याच ऑफिसला जाईल. ईएफटी असेल तर ट्रेस नंबर क्लायंटच्या बँकेला द्यायचा. बल्क पेमेंट असेल तर एकूण रकमेने शोधा, क्लेमच्या रकमेने ते बँक स्टेटमेंटवर सापडणार नाही. व्हर्च्युअल क्रेडिट कार्ड फॅक्सने आलेलं असतं आणि फॅक्सच्या गठ्ठ्यात पडून राहतं. आणि डॉक्टर नेटवर्कबाहेरचे असतील तर पैसे थेट पेशंटलाही गेलेले असू शकतात.

अजून एक शक्यता : पैसे दिले असं दाखवून जुन्या क्लेमच्या जादा पेमेंटपोटी कापून घेतलेले असतात. ईआरएमध्ये पीएलबी (क्लेमबाहेरच्या वजावटींच्या) भागात डब्ल्यूओ कोड शोधा, तिथे जुन्या क्लेमचा संदर्भ सापडतो.

१८. यादीत शेकडो क्लेम आहेत. सुरुवात कुठून करू?

फक्त मोठ्या रकमेपासून नको, फक्त जुन्यापासूनही नको. मुदत आधी. येत्या पंधरा दिवसांत ज्यांची फाइलिंग किंवा अपीलची मुदत संपतेय ते पहिले, मग मोठी रक्कम, मग ६१ ते ९० दिवस जुन्या क्लेमचा गट, म्हणजे बकेट. ती बकेट मेहनतीने सांभाळली तर ९० च्या पुढचा ढीग वाढत नाही. एकाच डॉक्टरांचे, एकाच कोडचे दहा क्लेम एकाच कारणाने अडलेले दिसले तर दहा कॉल करू नका. मूळ कारण शोधा आणि टीएलला (टीम लीडरला) सांगा. एका प्रोव्हायडरचं क्रेडेन्शियलिंग (विमा कंपनीकडची नोंदणी) राहिलं असेल तर बी७ (डॉक्टर पात्र नाही) चा पाऊस पडत राहतो. जानेवारीत चुकीच्या विम्याकडे क्लेम गेल्याचे सीओ-१०९ आणि सीओ-२४ वाढतात, कारण १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबरच्या काळात पेशंट खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज योजना बदलतात आणि नवी योजना १ जानेवारीला सुरू होते. ते सगळे क्लेम एकत्र काढून इलिजिबिलिटी (कोणता विमा चालू आहे ते) तपासली तर कॉलशिवाय सुटतात.

१९. घरून काम करताना हिपाचे नियम कितपत पाळायचे?

ऑफिसइतकेच. हिपा हा अमेरिकेचा कायदा १९९६ चा, त्यात पेशंटची माहिती उघड करणं गुन्हा ठरू शकतं. कागदावर मेंबर आयडी लिहून ठेवू नका, स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, अगदी टीएलला शंका विचारायलासुद्धा. घरात कुणी मागे उभं असेल तर स्क्रीन लॉक करा. ओळखीच्या माणसाचं खातं कुतूहलाने उघडलं तरी ऑडिटमध्ये दिसतं आणि नोकरी जाते.

२०. हा अनुभव आपल्याकडच्या हॉस्पिटलात चालतो का?

टीपीए डेस्कवर, म्हणजे हॉस्पिटलातल्या विमा क्लेमच्या खिडकीवर, चालतो. कोड वेगळे, घाई जास्त. २९ मे २०२४ च्या आयआरडीएआय या विमा नियामकाच्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो, त्यामुळे कागद अर्धवट गेले तर खोळंबा तुमच्या डोळ्यांसमोर बसलेल्या नातेवाइकांचा होतो. डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, तपासण्यांचे रिपोर्ट, इम्प्लांटचं स्टिकर हे सगळं एकाच वेळी पाठवा. विमा कंपनीने शंका काढली तर उत्तर तुकड्यातुकड्यांत देऊ नका, प्रत्येक तुकड्याला नवी शंका येते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं आणि पूर्वमंजुरी लागते. तिथे प्रश्न १३ मधली शिस्त, म्हणजे मंजुरी आणि प्रत्यक्ष उपचार शेजारी ठेवून जुळवणं, जशीच्या तशी उपयोगी पडते.